तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट विश्वासार्ह कसा करायचा: कमी साधनांत गुणवत्ता उभी करण्याच्या पायऱ्या

तालुक्याच्या गावातली नेहमीची लॅब घ्या. दोन खोल्या, एक सेमी-ऑटो (रक्तातली साखर, क्रिएटिनिन वगैरे मोजणारं, सॅम्पल हाताने मिसळावं लागणारं) अ‍ॅनालायझर, एक थ्री-पार्ट सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन), एक मायक्रोस्कोप, घरगुती फ्रीज, डीएमएलटी (लॅबच्या कामाचा डिप्लोमा) झालेले एक-दोन टेक्निशियन आणि दिवसाला चाळीस-पन्नास पेशंट. इथून निघालेल्या आकड्यावर डॉक्टर इन्सुलिनचा डोस ठरवतात, बाळंतपणाला आलेल्या बाईला रक्त चढवायचं की नाही ते ठरवतात. म्हणून या लॅबने स्वतःला रोज एक प्रश्न विचारायला हवा: आजचा आकडा बरोबर आहे, हे कशावरून?

‘मशीन चांगल्या कंपनीचं आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही. ‘इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही’ हेही नाही. चुकीच्या रिपोर्टची तक्रार बहुतेक वेळा लॅबपर्यंत येतच नाही. डॉक्टर पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबचं नाव सुचवतात, एवढंच.

खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. हातात पन्नास हजार रुपये असतील तर नवं मशीन घेण्याआधी ते पाणी, वीज, पिपेट (मोजून द्रव उचलायचं साधन) आणि कंट्रोल सिरमवर (ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पिवळसर द्रवासारखं द्रावण) खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे. कच्च्या पायावर मोठं मशीन बसवलं की चुकीचे आकडे फक्त जास्त वेगाने बाहेर पडतात.

पायरी १: टेस्टची यादी छोटी करा

भिंतीवर लावलेल्या दरपत्रकात दीडशे टेस्ट असतात. त्यातल्या रोज होणाऱ्या किती? साखर, क्रिएटिनिन, युरिया, बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी), लिपिड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवी, मलेरिया, डेंग्यू, एचआयव्ही, कावीळ बी, रक्तगट. बाकीच्या टेस्ट महिन्यातून एक-दोनदा येतात. त्यांचं किट उघडून फ्रीजमध्ये पडून राहतं आणि एखाद्या दिवशी तेच वापरून रिपोर्ट दिला जातो. अशी टेस्ट मोठ्या लॅबकडे पाठवा आणि रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहा. कोणत्या स्तरावर कोणत्या तपासण्या असाव्यात याची राष्ट्रीय यादी आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) २०१९ साली काढली आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय असे टप्पे त्यात आहेत. खासगी लॅबलाही स्वतःची यादी ठरवताना ती उपयोगी पडते.

यादी आटोपली की एक महिना प्रत्येक गडबड एका वहीत लिहा. सॅम्पल कमी पडलं, गोठलं, नाव चुकलं, रिपोर्ट उशिरा गेला, डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं. कुणाला दोष द्यायला ही वही नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. नाहीतर ती कोरीच राहील. महिन्याअखेरीला वही वाचलीत तर बहुतेक नोंदी मशीनच्या आधीच्या कामातल्या दिसतील. म्हणून पुढची पायरी सॅम्पलची.

पायरी २: सॅम्पल

सुरुवात नावापासून. एकाच वाडीतल्या दोन सुनीता एकाच सकाळी येतात, हे आपल्याकडे नवीन नाही. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असं विचारलं तर घाबरलेला पेशंट मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ असं विचारा आणि ते कागदाशी ताडून पाहा. नाव आणि लॅब नंबर ट्यूबवर लिहायचा तो रक्त काढल्यावर लगेच, पेशंटसमोरच. आधी लिहून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूबा टेबलावर असतील तर आज ना उद्या त्यांची अदलाबदल होणारच.

टुर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाच्या आत सोडा. मूठ उघड-बंद करायला लावू नका, त्याने पोटॅशियम वाढतं. ट्यूबा भरण्याचा क्रम ठरलेला असू द्या: आधी सायट्रेट, मग साधी, मग ईडीटीए, शेवटी फ्लोराइड. (ही ट्यूबमध्ये आधीच घातलेली रसायनं: सायट्रेट आणि ईडीटीए रक्त गोठू देत नाहीत, फ्लोराइड साखर टिकवतं; साध्या ट्यूबमध्ये रक्त गोठतं.) सिरिंजने काढलेलं रक्त उघड्या व्हायलमध्ये टाकताना सुई काढून, कडेने हळू सोडा. जोरात दाबलं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एसजीओटी ही एन्झाइमं खोटी वाढतात.

क्रमाचा आग्रह का, ते एका रिपोर्टवरून कळेल. पोटॅशियम ८.४, कॅल्शियम ५.१, अल्कलाइन फॉस्फेट जवळजवळ शून्य. पेशंट मात्र चालत आलेला, ईसीजी व्यवस्थित. हे तीन आकडे एकत्र दिसले की रक्तात ईडीटीए गेलं आहे, असं समजावं. ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, म्हणून पोटॅशियम वाढतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून कॅल्शियम पडतं. अल्कलाइन फॉस्फेट या एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही ते ओढून घेतं, म्हणून तेही कोसळतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं आणि कुणीतरी ईडीटीएच्या ट्यूबमधून थोडं ओतलं, की हे होतं. असा रिपोर्ट बाहेर गेला आणि कुणी पोटॅशियम उतरवण्याचे उपचार सुरू केले, तर धडधाकट माणसाच्या जिवाशी खेळ होतो. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतायचं नाही, हा नियम रक्त काढण्याच्या टेबलासमोर मोठ्या अक्षरांत लावा.

पुढचा प्रश्न वेळेचा. पेशी वेगळ्या न करता रक्त तसंच ठेवलं तर त्यातली साखर साध्या तापमानाला ताशी ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शिबिरात सकाळी नऊला घेतलेलं, साध्या ट्यूबमधलं उपाशीपोटीचं रक्त दुपारी एकला लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजवर (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनवर) फिरवलं, तर १२६ ची साखर १०२ च्या आसपास दिसेल. म्हणजे ज्याला मधुमेह आहे तो माणूस ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. फ्लोराइडची ट्यूब वापरली तरी पहिला तास-दीड तास साखर थोडी घटतच राहते. म्हणून शिबिराला जाताना छोटं सेंट्रिफ्यूज सोबत न्या, नाहीतर साखरेच्या ट्यूबा बर्फात ठेवून लवकर परत या. पोटॅशियमचं मात्र उलटं: पेशींसकट रक्त थंड ठेवलं तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. त्याच्या ट्यूबा बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका.

साध्या ट्यूबमधलं रक्त पूर्ण गोठायला अर्धा तास द्या. घाईत फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि सेमी-ऑटोच्या नळीत अडकतात. बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला (सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या भागाला) ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १२०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पट ओढ. दहा मिनिटं पुरे.

शेवटी, सॅम्पल नाकारायची हिंमत हवी. लालसर सिरम, गुठळी झालेलं ईडीटीए, नाव नसलेली ट्यूब, अर्धवट भरलेलं सायट्रेट यांची नोंद करून पुन्हा रक्त मागवा. सायट्रेटमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण चुकलं तर पीटी-आयएनआरला (रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणाऱ्या टेस्टला) काही अर्थ राहत नाही. लांबच्या पाड्यावरून एसटीने आलेल्या माणसाला परत पाठवणं जिवावर येतं, हे खरं. म्हणूनच रक्त काढल्यावर, पेशंट बाकावर बसलेला असतानाच ट्यूबा तपासायची सवय लावा.

पायरी ३: वीज, पाणी, फ्रीज

लाइट जाऊन येते तेव्हा होणारी व्होल्टेजची उसळी मशीनचा दिवा आणि बोर्ड दोन्ही खाते. अ‍ॅनालायझर आणि सेल काउंटरला ऑनलाइन यूपीएस (सतत बॅटरीमार्फत स्थिर वीज देणारा) द्या; घरगुती इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे ठेवा. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते ३ व्होल्टच्या आत असावं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, तेव्हा त्यात पाणी घालत राहा. कारण नसताना रिडिंग हलत असेल तर कंपनीच्या इंजिनिअरला फोन करण्याआधी अर्थिंग पाहा.

बोअरचं पाणी जड असतं. आर.ओ.चं पाणी प्यायला चांगलं, पण किट मिसळायला पुरेसं शुद्ध नाही. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइझ्ड पाणी वापरा आणि टीडीएस मीटरने रोज तपासा. शून्य दिसलं पाहिजे. हे मीटर काही शे रुपयांत मिळतं. मात्र ते क्षार पकडतं, जिवाणू पकडत नाही. मोठा कॅन उघडून पंधरा दिवस वापरला तर पाण्यात जिवाणू वाढतात आणि एन्झाइमच्या टेस्ट बिघडतात, म्हणून छोटे कॅन आणा आणि उघडल्याची तारीख लिहा. पाण्याची आणखी एक परीक्षा लॅबमध्येच होते: सॅम्पलच्या जागी तेच पाणी घेऊन कॅल्शियमच्या किटने तपासा. रंग आला तर पाणी किंवा काचेची भांडी, दोन्हीपैकी काहीतरी खराब आहे.

फ्रीज २ ते ८ अंशांत राहायला हवा. बाहेरच्या नॉबवरून तापमान कळत नाही. मधल्या कप्प्यात कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ लिहा. सोमवारी सकाळचा ‘कमाल’ आकडा फार बोलका असतो, रविवारी लाइट किती वेळ गेली होती ते तो सांगतो. दारातल्या कप्प्यात किट ठेवू नका, मागच्या भिंतीला चिकटवूनही नको. तिथे ती गोठतात. जेवणाचा डबा आणि पाण्याच्या बाटल्यांना या फ्रीजमध्ये जागा नाही.

आणि विदर्भातल्या लॅबना खास सांगणं: रॅपिड किटच्या (मशीनशिवाय कार्डावर निकाल देणाऱ्या किटच्या) खोक्यावर ‘२ ते ३० अंश’ लिहिलेलं असतं, त्याला सगळे ‘बाहेर चालतं’ म्हणतात. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि बंद लॅबमध्ये दुपारी त्याच्या जवळपास. तिथे मार्चपासून ही किटंही फ्रीजमध्येच जायला हवीत. वापरण्याआधी पाऊच न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पायरी ४: पिपेट

सेमी-ऑटोच्या कामात सगळ्यात जास्त चूक पिपेटमधून येते, कारण सॅम्पल असतं फक्त १० मायक्रोलिटर. त्यात एक मायक्रोलिटर इकडेतिकडे झालं की निकाल १० टक्क्यांनी हलतो.

वर्षातून एकदा मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबकडून पिपेट तपासून घ्यायला हवंच. मधल्या काळात स्वतः एक ढोबळ तपासणी करता येते. बाजारपेठेतल्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असतो. झाकणाची छोटी डबी वजन करून घ्या, तिच्यात १०० मायक्रोलिटरच्या पिपेटने दहा वेळा डिस्टिल्ड पाणी टाका आणि पुन्हा वजन करा. २८ अंश तापमानाला एकूण पाण्याचं वजन ०.९९६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ०.९७६ च्या खाली किंवा १.०१६ च्या वर गेलं तर चूक २ टक्क्यांहून जास्त आहे. ते पिपेट बाजूला काढा. बहुधा आतली ओ-रिंग झिजलेली असते आणि ती बदलता येते. १० मायक्रोलिटरच्या पिपेटसाठी मात्र हा काटा पुरेसा बारीक नाही, ते कॅलिब्रेशनलाच पाठवा.

टिप प्रत्येक सॅम्पलला नवी, आणि टिप बसवल्यावर आधी एकदा भरून सोडायची. सिरम घेतल्यावर टिपेची बाहेरची बाजू पुसा. पिपेट उभं ठेवा, आडवं टाकू नका.

पायरी ५: रोजचं कंट्रोल

सुरुवातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं. ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं सिरम पेशंटच्या सॅम्पलसारखंच चालवायचं आणि तोच आकडा येतो का ते पाहायचं. कंट्रोल न चालवता काढलेल्या निकालामागे काहीही पुरावा नसतो.

खर्चाची भीती बाळगू नका. ५ मिलिलिटरची बाटली अचूक पिपेटने, बरोबर ५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालून विरघळवा. हलवून फेस काढू नका. अर्धा तास उजेडापासून दूर ठेवा, अधूनमधून बाटली हळूच गोल फिरवा. मग पाव-पाव मिलिलिटरचे वीस छोटे भाग करून गोठवा. सेमी-ऑटोला बहुतेक टेस्टना १० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे एका भागात रोजच्या डझनभर टेस्ट आरामात बसतात आणि बाटली वीस दिवस पुरते. रोज एक भाग काढायचा, उरलेला पुन्हा गोठवायचा नाही. गोठवून किती दिवस टिकतं ते कंपनीच्या पत्रकात पाहा आणि फ्रीजरचं तापमान खरंच उणे २० आहे का ते मोजा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजचा फ्रीजर या कामाला चालत नाही, तो अधूनमधून गरम होतो. नॉर्मल आणि वाढीव अशा दोन पातळ्या घ्या. परवडत नसेल तर एक दिवसाआड एकेक.

पत्रकातली रेंज फार सैल असते, तिच्यावर विसंबू नका. वीस वेगवेगळ्या दिवसांचे स्वतःचे आकडे घेऊन सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढा. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. समजा, साखरेची सरासरी ९६ आणि एसडी २.४ आली. आलेख कागदावर मधली रेघ ९६ ची, वर-खाली २ एसडीच्या रेघा १००.८ आणि ९१.२ वर, ३ एसडीच्या १०३.२ आणि ८८.८ वर. हा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट. तो मशीनच्या वरच्या भिंतीवर लावा, फायलीत ठेवू नका.

आता एक आठवडा पाहू. सोमवारी ९७, मंगळवारी ९९, बुधवारी ९९, गुरुवारी १००, शुक्रवारी ९९. एकही आकडा २ एसडीच्या बाहेर नाही. नुसती रेंज पाहणारा माणूस म्हणेल, सगळं ठीक. पण मंगळवारपासून सलग चार आकडे एकाच बाजूला, १ एसडीच्या म्हणजे ९८.४ च्या वर आहेत. कंट्रोलचे आकडे पारखण्याच्या वेस्टगार्डच्या नियमांनुसार ही पद्धतशीर चूक आहे, म्हणजे सगळे आकडे एकाच दिशेला सरकवणारी; शुक्रवारी काम थांबवायला हवं. कारण शोधताना आधी स्टँडर्डची (ज्याच्या ठरलेल्या आकड्यावरून मशीनचं मोजमाप लावतात त्या द्रावणाची) बाटली पाहा. वारंवार उघडून तिच्यात जिवाणू शिरले असतील तर ते साखर खातात. स्टँडर्डचं रिडिंग कमी येतं, त्यावरून काढलेला फॅक्टर वाढतो आणि त्या फॅक्टरने गुणलेली प्रत्येक पेशंटची साखर वर सरकते. नवं स्टँडर्ड उघडलं की आलेख खाली येतो.

लक्षात ठेवायचे नियम एवढेच. एक आकडा २ एसडीबाहेर: सावध व्हा, बाकीचे नियम पाहा. एक आकडा ३ एसडीबाहेर, किंवा सलग दोन आकडे एकाच बाजूला २ एसडीबाहेर: रिपोर्ट थांबवा. एक पातळी २ एसडीच्या वर आणि त्याच दिवशी दुसरी २ एसडीच्या खाली: हीसुद्धा थांबण्याची खूण, बहुधा पिपेटिंगची. सलग चार एकाच बाजूला १ एसडीपलीकडे, किंवा सलग दहा एकाच बाजूला: काम थांबवून कारण शोधा.

कंट्रोल बाहेर गेलं की ‘बरोबर येईपर्यंत पुन्हा लावायचं’ ही सवय मोडायलाच हवी. तिसऱ्या-चौथ्या वेळी आकडा नशिबाने आत येतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. आधी पेशंटचे रिपोर्ट रोखा. कंट्रोलचा ताजा भाग एकदा लावा. तरी बाहेर असेल तर ब्लँक (सॅम्पलशिवायचं रिडिंग) आणि स्टँडर्ड नव्याने, मग रिएजंटची (टेस्टच्या रसायनाची) नवी बाटली, मग पाणी, क्युव्हेटचं (ज्यात मोजणी होते त्या छोट्या भांड्याचं) तापमान ३७ आहे का, दिवा जुना झाला आहे का. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. दुरुस्ती झाल्यावर शेवटच्या चांगल्या कंट्रोलनंतरचे काही पेशंट पुन्हा चालवा. आकडा लक्षणीय बदलला तर डॉक्टरांना कळवा. हे सगळं त्याच दिवशी चार ओळींत लिहा.

एक सूचना सगळ्यांसाठी: तालुक्यातल्या चार-पाच लॅबनी मिळून एकाच लॉटचं (कंपनीत एका वेळी बनलेल्या मालातलं) कंट्रोल मागवा. डीलर भाव कमी करतो आणि महिन्याअखेरीला सगळ्यांच्या सरासऱ्या शेजारी मांडता येतात. धंद्यातली स्पर्धा तिच्या जागी. एकाची साखर ९६ आणि दुसऱ्याची १०५ येत असेल, तर दोघांनीही एकत्र बसायला हवं.

पायरी ६: सेल काउंटर आणि काच

सीबीसीच्या कंट्रोल रक्ताचं आयुष्य कमी आणि किंमत जास्त. ते घ्याच, पण त्याच्या जोडीला फुकटचे उपाय आहेत. काल तपासलेली दोन-तीन ईडीटीए सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवून आज पुन्हा चालवा. हिमोग्लोबिन आणि लाल पेशी जवळजवळ जुळायला हव्यात. दुसरा उपाय म्हणजे तिनाचा नियम: हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटएवढी (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्याएवढी) येते, ३ पर्यंत फरक चालतो. नियम लागू होतो तो नेहमीच्या आकाराच्या पेशींना. आपल्याकडे लोहाची कमतरता घरोघरी, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकल सेल, म्हणून नियम मोडला की लगेच मशीनला दोष न देता स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) मायक्रोस्कोपखाली पाहा. प्लेटलेट अचानक ३० हजार आल्या तर आधी ट्यूबमध्ये गुठळी आहे का ते काडीने पाहा, मग स्मिअरमध्ये प्लेटलेटचे पुंजके. डेंग्यूच्या दिवसांत या दोन मिनिटांमुळे एखाद्या कुटुंबाची रात्रीची जिल्ह्यापर्यंतची धावपळ वाचते.

काचेच्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहण्याच्या कामात गुणवत्ता कशी राखतात हे शिकायचं असेल तर क्षयरोग कार्यक्रम पाहा. थुंकीच्या तपासणीला १०० फील्डमध्ये (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तो भाग म्हणजे एक फील्ड) १ ते ९ जंतू म्हणजे ‘स्कँटी’, १० ते ९९ म्हणजे १+. मोजायची रीत देशभर एकच. स्लाइड नंबरवार पेटीत ठेवतात, त्यांतल्या काही निवडून दुसरा तज्ज्ञ पहिला निकाल न पाहता पुन्हा तपासतो. छोट्या आरोग्य केंद्रांतही हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. मलेरियाच्या स्मिअरला हीच पद्धत लावा: सगळ्या पॉझिटिव्ह आणि काही निगेटिव्ह काचा महिन्यातून एकदा पॅथॉलॉजिस्टना निकाल न सांगता दाखवा.

पायरी ७: किट बदलताना

माल आला की आधी बर्फाचा पॅक पाहा. एसटी पार्सलने आलेल्या खोक्यातला पॅक कोमट असेल तर माल परत करा. डीलरशी संबंध बिघडत नाहीत, उलट पुढचा माल नीट येतो. प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख, वहीत लॉट नंबर. नवा लॉट सुरू करण्याआधी जुन्या लॉटवर झालेली पाच सॅम्पल नव्यावर चालवून पाहा.

रॅपिड कार्डवरच्या ‘सी’ रेघेबद्दल मोठा गैरसमज आहे. ती आली म्हणजे द्रव पट्टीवर नीट सरकला, एवढंच. उष्णतेने मेलेलं कार्डही सुंदर ‘सी’ रेघ दाखवू शकतं आणि पॉझिटिव्ह पेशंटला निगेटिव्ह ठरवू शकतं. म्हणून प्रत्येक नव्या खोक्याला एक माहीत असलेलं पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह सिरम लावा. पॉझिटिव्ह फिकट रेघ देणारं असेल तर उत्तम. वेळ घड्याळ लावून मोजा. पंधरा मिनिटांनी वाचायचं कार्ड तासाभराने वाचलं तर त्यावर नसलेली रेघ उमटते.

पायरी ८: बाहेरच्या नजरेखाली या

रोजचं कंट्रोल सांगतं की तुम्ही कालसारखेच आहात. तुम्ही बरोबर आहात का, ते बाहेरच्या तपासणीतूनच कळतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बायोकेमिस्ट्रीची ईक्यूएएस (बाहेरून गुणवत्ता तपासण्याची) योजना आहे, रक्तपेशींसाठी दिल्लीच्या एम्सची. ठरलेल्या मुदतीला सॅम्पल येतं, तुम्ही आकडे कळवता, आणि त्याच पद्धतीने काम करणाऱ्या इतर लॅबच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते परत कळतं. झेड-स्कोअर (इतरांच्या सरासरीपासून तुम्ही किती एसडी दूर आहात) २ च्या आत चांगला, २ ते ३ मध्ये सावध, ३ च्या बाहेर नापास.

हे सॅम्पल पेशंटच्या रांगेत, ज्याची पाळी असेल त्याच टेक्निशियनने, एकदाच चालवायचं. खास काळजी घेऊन तीनदा चालवलं किंवा शेजारच्या लॅबला फोन करून आकडा जुळवला, तर भरलेले पैसे वाया. रिपोर्ट आला की नापास टेस्ट आधी पाहा आणि त्या आठवड्यातला तुमचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट शेजारी ठेवा. दोन्हीकडे सरकण्याची दिशा एकच असेल तर फॅक्टर किंवा स्टँडर्ड. चार्ट सरळ आणि फक्त ईक्यूएएस चुकलं असेल तर सॅम्पल विरघळवताना, एककात किंवा आकडा लिहिताना गडबड.

पायरी ९: रिपोर्ट हातात देण्याआधी

दशांश चिन्ह हरवणं, एका पेशंटचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत जाणं, लहान मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापली जाणं, या चुका मशीन पकडत नाही. टाइप करणारा आणि तपासणारा वेगळा असावा. एकच माणूस असेल तर त्याने सगळं टाइप झाल्यावर रजिस्टर शेजारी घेऊन पुन्हा वाचावं. जुन्या पेशंटचा मागचा रिपोर्ट काढून पाहा. गेल्या महिन्यात १.१ असलेलं क्रिएटिनिन आज ४.८ असेल तर ते खरं असेल किंवा ट्यूब दुसऱ्याची असेल. दोन्ही शक्यतांसाठी फोन करायलाच हवा.

तातडीच्या आकड्यांची यादी गावातल्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा: साखर किती खाली गेली की लगेच फोन, पोटॅशियम किती वर, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती खाली, फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा जीवघेणा प्रकार). रिपोर्ट संध्याकाळी न्यायला येतील म्हणून थांबायचं नाही. फोनवर आकडा सांगितल्यावर समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. वेळ आणि कुणाशी बोललात ते लिहा.

एसओपी (टेस्ट करण्याची ठरलेली रीत) मराठीत लिहा, प्रत्येक टेस्टची एका पानाची, मशीनजवळ लावलेली. रात्रीच्या पाळीला आलेल्या नव्या मुलीला इंग्रजीतली चाळीस पानांची फाइल उपयोगी पडत नाही. पान तिने वाचून एकदा तुमच्यासमोर टेस्ट करून दाखवली की त्याखाली तारीख आणि सही.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लहान लॅबलाही लागू आहेत: सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, ट्यूबा आणि टिपा लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना कावीळ बी ची लस दिलेली असावी.

पायरी १०: मान्यतेकडे

प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१८९, त्याची सध्याची आवृत्ती २०२२ ची. पूर्ण एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता छोट्या लॅबला एकदम झेपत नाही, म्हणून नेहमीच्या साध्या तपासण्या करणाऱ्या लॅबसाठी एनएबीएलने २०१९ साली प्रवेश पातळीची योजना सुरू केली. सरकारी रुग्णालयांना राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची, म्हणजे एनक्यूएएसची वाट आहे. त्यात लॅबची स्वतंत्र चेकलिस्ट असते. पायरीपायरीने जाण्याची ही कल्पना आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २००९ साली रवांडाच्या किगालीत सुरू झालेल्या स्लिप्टा उपक्रमात लॅबला गुणांवरून शून्य ते पाच तारे मिळतात. ५५ टक्क्यांना पहिला, ९५ ला पाचवा. ती चेकलिस्ट इंटरनेटवर फुकट मिळते. वर्षातून दोनदा शेजारच्या लॅबच्या टेक्निशियनला बोलावून तिच्यावर स्वतःचे गुण काढा आणि तुम्ही त्याच्याकडे जा.

अर्ज करण्याची घाई करू नका. सहा महिन्यांचे सलग लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, ईक्यूएएसचे काही महिन्यांचे रिपोर्ट, फ्रीजच्या तापमानाची न तुटलेली वही, पिपेटचं कॅलिब्रेशन आणि गडबडींच्या वहीत कारणासह लिहिलेल्या दुरुस्त्या हातात असतील तेव्हा अर्ज भरा. असेसरच्या (मान्यतेसाठी लॅब तपासणाऱ्याच्या) भेटीच्या आदल्या रात्री एकाच पेनने भरलेली वही अनुभवी माणसाला लांबूनच ओळखू येते. तापमान रोज बरोबर ४ अंश लिहिलेलं दिसलं की तो पुढचं पान उलटण्याआधी फ्रीज उघडायला सांगतो.